मानवी जनुकसंचातील प्राचीन विषाणूंचे अवशेष : कामाचे कोणते आणि नुसते उरलेले कोणते?

अन्वय :

मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सगळ्यांचे लक्ष आपल्या जनुकांच्या संख्येकडे गेले, कारण ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाली होती. त्याच आराखड्यातील दुसरी एक नोंद मला अधिक विलक्षण वाटते. आपल्या सुमारे ३ अब्ज अक्षरांच्या डीएनएपैकी जवळजवळ ८ टक्के मजकूर रेट्रोव्हायरस या गटातील विषाणूंकडून आलेला आहे. प्रथिने कशी घडवायची हे ज्या भागात लिहिलेले असते, तो भाग २ टक्क्यांच्याही आत भरतो. म्हणजे निव्वळ लांबी मोजली, तर आपल्या पेशीत स्वतःच्या प्रथिनांच्या मजकुरापेक्षा जुन्या विषाणूंचा मजकूर कितीतरी अधिक आहे.

या विषयावरचे लोकप्रिय लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला हा सगळा मजकूर म्हणजे उत्क्रांतीने मागे ठेवलेला केर आहे असे सांगितले जाते, तर दुसऱ्या टोकाला विषाणूंनीच माणसाला माणूस केले असे मोठ्या उत्साहाने लिहिले जाते. हे दोन्ही निष्कर्ष सरसकट असल्यामुळेच चुकीचे आहेत, असे माझे मत आहे. या अवशेषांचा निवाडा घाऊक पद्धतीने होऊ शकत नाही. एकेका तुकड्याची स्वतंत्र चौकशी करावी लागते, आणि ती चौकशी कशी केली जाते हा भाग मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो. चर्चा त्या अंगाने व्हावी, एवढ्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी हे विषाणू आपल्या डीएनएत आले कसे ते पाहू. रेट्रोव्हायरसची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर तो त्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो आणि ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात कायमची बसवतो. माहिती आरएनएकडून डीएनएकडे अशी उलटही वाहू शकते, ही कल्पना हॉवर्ड टेमिन यांनी १९६०च्या दशकात मांडली तेव्हा तिच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९७० साली टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, व स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी, हे उलटे लेखन करणारे विकर प्रत्यक्ष दाखवून दिले. टेमिन, बाल्टिमोर आणि रेनातो दुल्बेको यांना १९७५चे नोबेल पारितोषिक मिळाले. एचआयव्ही हा याच गटातील आज सर्वांना ठाऊक असलेला विषाणू आहे.

विषाणूची प्रत रक्तातील किंवा फुप्फुसातील पेशीत बसली, तर त्या माणसाबरोबर तीही संपते. मात्र क्वचित एखादा विषाणू अंडपेशीत, शुक्राणूत किंवा त्यांना जन्म देणाऱ्या पेशीत शिरतो, आणि त्या पेशीपासून अपत्य जन्मले तर त्या अपत्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत विषाणूची ती प्रत असते. तेथून पुढे ती आपल्या इतर जनुकांप्रमाणेच पिढ्यान्पिढ्या वारशाने जाते. अशा वारशाने आलेल्या विषाणूंना अंतर्जात रेट्रोव्हायरस म्हणतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रॉबिन वाइस यांना निरोगी कोंबड्यांच्या पेशींत एका विषाणूचे प्रथिन आढळले आणि ते मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरते असे दिसले. हा प्रकार केवळ पाळीव जातींपुरता आहे का, हे तपासण्यासाठी ते पुढे मलेशियातील जंगलात रानकोंबड्यांचे नमुने गोळा करायला गेले, आणि त्यांच्यातही विषाणूचे अवशेष सापडले.

अखंड रेट्रोव्हायरसच्या प्रतीत गॅग, पोल आणि एन्व्ह ही तीन मुख्य जनुके असतात. गॅगपासून विषाणूचे आतले कवच बनते, पोलपासून उलट्या लेखनाचे आणि गुणसूत्रात शिरण्याचे विकर मिळतात, आणि एन्व्हपासून ते बाह्य प्रथिन बनते ज्याच्या साहाय्याने विषाणू पेशीच्या पटलाशी एकरूप होऊन आत शिरतो. या तिन्हींच्या दोन्ही बाजूंना एकसारखा अक्षरक्रम असतो, त्याला एलटीआर म्हणतात. जनुके कधी व कुठे चालू करायची याच्या खुणा एलटीआरमध्ये असतात. आपल्यातील बहुसंख्य प्रतींमधली तिन्ही जनुके केव्हाच नाहीशी झाली आहेत, कारण दोन सारखी टोके एकमेकांशी जुळून मधला भाग गळून पडतो आणि मागे एकटा एलटीआर उरतो. सुमारे ९० टक्के अवशेष अशा एकट्या एलटीआरच्या रूपात आहेत. उरलेल्यांतही उत्परिवर्तनांमुळे इतके बिघाड झालेले आहेत, की त्यांच्यापासून संसर्गक्षम विषाणू तयार होत नाही.

या मोडतोडीत काही मोजकी जनुके मात्र आश्चर्यकारकरीत्या शाबूत राहिलेली आहेत. सातव्या गुणसूत्रावर एचईआरव्ही-डब्ल्यू या कुटुंबातील एक प्रत आहे (एचईआरव्ही म्हणजे मानवी अंतर्जात रेट्रोव्हायरस). तिचे गॅग आणि पोल पूर्ण नादुरुस्त आहेत, परंतु एन्व्ह अखंड आहे. सुमारे अडीच कोटी वर्षांत शेजारची दोन जनुके झिजून गेली आणि हे एकच टिकले, ते योगायोगाने टिकणे जवळजवळ अशक्य आहे. ज्यांच्यात ते बिघडले त्यांची संतती मागे पडली असली पाहिजे. २००० साली दोन संशोधकगटांनी दाखवले, की हे जनुक मानवी वारेत (प्लॅसेंटात) मोठ्या प्रमाणावर कार्यरत असते. त्याच्या प्रथिनाला सिन्सिटिन-१ असे नाव मिळाले. वारेच्या बाहेरील पेशी एकमेकींत विलीन होऊन असंख्य केंद्रके असलेला एकसंध थर तयार होतो, आणि आईच्या रक्तातून गर्भाकडे जाणारे अन्न व प्राणवायू याच थरातून जातात. पेशीपटलांना एकत्र आणण्याची विषाणूची क्षमता येथे गर्भाच्या पोषणासाठी वापरली जाते.

मला महत्त्वाचे वाटते ते हे : सिन्सिटिनबद्दल आपण खात्रीने बोलतो त्यामागे तीन वेगवेगळे पुरावे एकत्र आलेले आहेत. जनुक टिकून राहिले आहे, ते योग्य ठिकाणी कार्यरत आहे, आणि प्रयोगात त्याचे प्रथिन पेशींना खरोखर विलीन करते. इतर तुकड्यांबद्दल दावा करणाऱ्यांकडे यांपैकी किती पुरावे आहेत, हे दर वेळी विचारले पाहिजे.

गवेषक :

मांडणी स्पष्ट आहे, त्याबद्दल आभार. मला दोन मूलभूत शंका आहेत. पहिली अशी, की हे तुकडे विषाणूंकडून आपल्याकडे आले असे आपण म्हणतो, पण प्रवास उलट्या दिशेने झालेला नसेल कशावरून? सजीवांच्या डीएनएतील काही भाग सुटा होऊन त्यापासून विषाणू बनले असतील, तरीही आज आपल्याला साम्य असेच दिसले असते. दुसरी शंका वयाबद्दल आहे. अडीच कोटी वर्षे हा आकडा कसा काढतात? डीएनएच्या तुकड्यावर तारीख लिहिलेली नसते.

अन्वय :

दोन्ही शंका योग्य आहेत. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर फार सुंदर आहे.

उलट्या लेखनाच्या पद्धतीमुळे विषाणू गुणसूत्रात बसतो त्या क्षणी त्याचे दोन्ही एलटीआर अक्षरशः एकसारखे असतात. त्यानंतर प्रत्येक टोकात स्वतंत्रपणे उत्परिवर्तने साचत जातात. त्यामुळे आज दोन टोकांमध्ये किती अक्षरांचा फरक आहे हे मोजले आणि उत्परिवर्तनांचा साधारण वेग ठाऊक असला, तर प्रत केव्हा बसली याचा अंदाज करता येतो. प्रत्येक विषाणू स्वतःचे घड्याळ बरोबर घेऊनच आलेला असतो, असे म्हणता येईल. हे घड्याळ फार काटेकोर नाही, कारण दोन प्रतींमध्ये अक्षरांची देवाणघेवाण झाली की फरक पुसला जातो.

म्हणून दुसऱ्या मार्गाने पडताळा घेतात. विषाणू गुणसूत्रात शिरताना शिरण्याच्या जागेवरील चार ते सहा अक्षरांची पुनरावृत्ती होते, आणि जागेची निवड बरीचशी यादृच्छिक असते. कोट्यवधी संभाव्य जागांपैकी नेमक्या त्याच अक्षरावर, त्याच दिशेने, त्याच कुटुंबातील विषाणू दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे बसणे अत्यंत असंभाव्य आहे. आपल्यातील बहुतांश अंतर्जात रेट्रोव्हायरस चिंपांझीच्या डीएनएत नेमक्या त्याच जागी आहेत, आणि याचा सरळ अर्थ असा, की ते दोघांच्या समान पूर्वजातच बसले होते. एखादी प्रत माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन या सर्वांत असेल पण जुन्या जगातील, म्हणजे आफ्रिका-आशियातील, माकडांत नसेल, तर ती माकडांची शाखा वेगळी झाल्यानंतर आणि गिबनची शाखा वेगळी होण्यापूर्वी बसली असली पाहिजे. उत्क्रांतीच्या समान वंशाला दुजोरा देणाऱ्या पुराव्यांत मी हा पुरावा सर्वांत वर ठेवतो. याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. पीटीईआरव्ही-१ नावाचा एक विषाणू चिंपांझी आणि गोरिला यांच्यात आहे, पण माणसात व ओरांगउटानमध्ये नाही. पहिल्या नजरेत हे वंशवृक्षाशी विसंगत वाटते, परंतु जागा तपासल्यावर दिसले की चिंपांझी आणि गोरिला यांच्यातील त्याच्या जागा जुळत नाहीत. म्हणजे दोघांना त्याची लागण वेगवेगळी झाली होती.

आता दिशेचा प्रश्न. अतिप्राचीन काळाबद्दल तुमची शंका निराधार नाही. डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारे काही घटक रेट्रोव्हायरसशी इतके मिळतेजुळते आहेत, की अशा एखाद्या घटकाला एन्व्ह जनुक मिळून रेट्रोव्हायरस घडले असावेत, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. आपल्यातील कुटुंबांबद्दल मात्र दिशा बाहेरून आत अशीच आहे. पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरण्याची सगळी सामग्री या अवशेषांत आहे, आणि ती अन्यथा कशासाठी असेल हे सांगता येत नाही. २००६ साली फ्रान्समधील व्हिलज्युइफ येथे थिएरी हाइडमान यांच्या गटाने याचा थेट प्रयोग केला. एचईआरव्ही-के या सर्वांत तरुण कुटुंबातील मोडक्या प्रती शेजारी ठेवून, प्रत्येक ठिकाणी बहुसंख्य प्रतींत असलेले अक्षर निवडून, त्यांनी मूळ विषाणूचा अखंड क्रम पुन्हा रचला. त्यापासून तयार झालेले कण प्रयोगशाळेतील पेशींना, अगदी क्षीणपणे का होईना, संसर्ग करू शकत होते. त्या विषाणूला त्यांनी फिनिक्स हे नाव दिले.

नीलाक्षी :

सिन्सिटिनबद्दल वाचताना मला एक अडचण जाणवली. सस्तन प्राण्यांना वार आहे ती अडीच कोटी वर्षांपेक्षा कितीतरी जुनी आहे. मग सिन्सिटिन-१ येण्यापूर्वी वार कशी चालत होती? आणि हे जनुक केवळ माणूस व वानरांत असेल, तर गाय, उंदीर, मांजर यांच्या वारेचे काय?

पेशीकेंद्र :

मी पेशीविज्ञान शिकवते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. नीलाक्षी, तुम्हाला जाणवलेली अडचण खरी आहे, आणि तिच्या उत्तरात या विषयातील कदाचित सर्वांत थक्क करणारी गोष्ट दडलेली आहे.

माणसात सिन्सिटिन-२ नावाचे आणखी एक जनुक आहे. ते एचईआरव्ही-एफआरडी या वेगळ्या कुटुंबातून, चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आले. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि नव्या जगातील, म्हणजे अमेरिका खंडांतील, माकडांतही आढळते. उंदरांत सिन्सिटिन-ए आणि सिन्सिटिन-बी ही दोन जनुके आहेत. ती काम तेच करतात, पण आपल्या सिन्सिटिनशी त्यांचे वंशपरंपरेचे नाते नाही. ती वेगळ्या विषाणूंकडून, वेगळ्या काळी, स्वतंत्रपणे मिळालेली आहेत. सशांत वेगळे, मांसभक्षक प्राण्यांत वेगळे, रवंथ करणाऱ्यांत आणखी वेगळे. दक्षिण अमेरिकेतील मबुया गटातील सरड्यांमध्ये वार विकसित झालेली आहे, आणि त्यांच्यातही असेच विषाणूजन्य जनुक २०१७ साली सापडले.

यावरून बहुतेक संशोधक असे अनुमान करतात, की फार प्राचीन काळी असे एखादे जनुक वारेत रुजू झाले असावे आणि पुढे प्रत्येक वंशात नव्या विषाणूचे अधिक सोयीचे जनुक येऊन त्याने जुन्याची जागा घेतली असावी. त्या पहिल्या जनुकाचा आज मागमूस नाही, त्यामुळे हे अनुमानच आहे, हे मी वर्गातही आवर्जून सांगते. मात्र जनुके बदलत राहिली आणि काम तेच राहिले, एवढे निर्विवाद आहे.

अन्वय यांनी मांडलेल्या तीन पुराव्यांत मी चौथा जोडू इच्छिते, आणि तो मला सर्वांत निर्णायक वाटतो. जनुक काढून टाकल्यावर काय होते? माणसात हा प्रयोग करता येत नाही, पण उंदरांत हाइडमान यांच्याच गटाने तो केला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. सिन्सिटिन-ए नसलेले गर्भ ११.५ ते १३.५ दिवसांच्या दरम्यान दगावले, कारण वारेतील पेशी नीट विलीन झाल्या नाहीत आणि गर्भाची वाढ खुंटली. सिन्सिटिन-बी नसलेले गर्भ मात्र जगले. मेंढ्यांमध्येही अंतर्जात विषाणूच्या एन्व्ह प्रथिनाची निर्मिती रोखल्यावर गर्भधारणा टिकली नाही, असे २००६ साली दाखवले गेले होते.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी बबून माकडांच्या निरोगी वारेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रेट्रोव्हायरससारखे कण पेशीतून बाहेर पडताना दिसले होते. तीस वर्षांनंतर त्या निरीक्षणाला संदर्भ मिळाला. निरीक्षण काळजीपूर्वक नोंदवून ठेवणाऱ्यांचे ऋण किती मोठे असते, हे मला अशा वेळी प्रकर्षाने जाणवते.

औदुंबर :

चर्चा उत्तम चालली आहे, पण धाग्याच्या मूळ प्रतिपादनाशी मी पूर्ण सहमत नाही. ज्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही ते केवळ उरलेले आहे, असे गृहीत धरणे मला घाईचे वाटते. मानवी डीएनएचा कोणता भाग काय करतो हे तपासणाऱ्या एन्कोड या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २०१२ साली जाहीर केले होते, की जनुकसंचाच्या सुमारे ८० टक्के भागात काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते. विषाणूंच्या एलटीआरवर नियामक प्रथिने येऊन बसतात आणि त्यांच्यापासून आरएनए तयार होतो, हे हजारो ठिकाणी दिसून आले आहे. निसर्गाने एवढी यंत्रणा निष्कारण चालू ठेवली असेल का?

अन्वय :

औदुंबर, हा आक्षेप यायलाच हवा होता, आणि त्यावर माझे मत ठाम आहे. हालचाल दिसणे आणि उपयोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलटीआर हा मुळातच नियामक प्रथिनांना बोलावण्यासाठी घडलेला अक्षरक्रम आहे. विषाणूला आपली जनुके आपल्या पेशीच्या यंत्रणेकडून चालू करून घ्यायची होती, म्हणून त्याच्या टोकांना त्या यंत्रणेच्या ओळखीच्या खुणा होत्या. त्या खुणा पूर्ण पुसल्या जाईपर्यंत त्यांच्यावर प्रथिने बसत राहणार, त्यापासून आपल्याला लाभ होवो वा न होवो. २०१२च्या त्या आकड्यावर अनेक उत्क्रांतिवैज्ञानिकांनी याच कारणाने कठोर टीका केली होती, आणि मला ती टीका रास्त वाटते.

याचा अर्थ एलटीआर निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. २०१६ साली युटा विद्यापीठातील एडवर्ड चुआँग, नेल्स एल्डी आणि सेड्रिक फेशॉट यांनी एमईआर४१ नावाच्या एलटीआरवर काम केले. पेशीला संसर्गाची सूचना देणारे इंटरफेरॉन गॅमा आले, की काही संरक्षक जनुके चालू होतात, आणि त्यांतील काहींच्या शेजारी हा एलटीआर असतो. एआयएम२ हे त्यांपैकी एक जनुक. पेशीत परका डीएनए शिरल्याचे ते ओळखते. संशोधकांनी त्याच्याजवळचा एमईआर४१ क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने कापून टाकला, तेव्हा इंटरफेरॉन देऊनही एआयएम२ पूर्वीसारखे चालू झाले नाही. विषाणूचा तुकडा विषाणूंविरुद्धच्या संरक्षणाचा भाग बनला आहे असे म्हणण्याचा अधिकार या प्रयोगानंतर मिळतो. उंदराच्या मूळपेशींवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, नियामक असण्याची सगळी लक्षणे दाखवणाऱ्या अशा घटकांपैकी थोड्यांचाच शेजारच्या जनुकांवर प्रत्यक्ष परिणाम होतो, असे दिसले. लक्षणे सारखीच असतात आणि निकाल वेगळे लागतात, म्हणूनच मी एकेका तुकड्याच्या चौकशीचा आग्रह धरतो.

आणखी एक मुद्दा. पेशी या अवशेषांना सहजासहजी बोलू देत नाही. डीएनएवर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणा लावून, तसेच क्रॅब झिंक-फिंगर नावाच्या तीनशेहून अधिक प्रथिनांच्या आणि ट्रिम२८ या त्यांच्या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांतील बहुतेकांना शांत ठेवले जाते. हे सर्व अवशेष हितकारक असते, तर त्यांना गप्प बसवण्यासाठी इतकी मोठी फौज बाळगावी लागली नसती.

तितिक्षा :

माझ्या कुटुंबात एका व्यक्तीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे. हा आजार जनुकसंचातील जुन्या विषाणूमुळे होतो, अशा मथळ्याचे लेख मला वारंवार पाठवले जातात. वर म्हटल्याप्रमाणे हे विषाणू शांत ठेवलेले असतात, तर ते जागे होऊन आजार घडवू शकतात का? मला आशा किंवा भीती यांपैकी काहीही नको आहे. जे ठाऊक आहे तेवढेच समजून घ्यायचे आहे.

पेशीकेंद्र :

तितिक्षा, तुमच्या घरातील रुग्णाला मनापासून शुभेच्छा. आपण ज्या शब्दांत विचारले आहे, त्याच शिस्तीने उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत एचईआरव्ही-डब्ल्यू कुटुंबाच्या एन्व्ह प्रथिनाचे प्रमाण अधिक आढळते, असे फ्रान्समधील एर्वे पेरों आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे मांडत आले आहेत. हे प्रथिन दाह वाढवू शकते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यावर टेमेलिमॅब नावाचे प्रतिपिंड तयार करून रुग्णांवर चाचण्या झाल्या, परंतु दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत मेंदूतील नव्या दाहक व्रणांची संख्या घटवण्याचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. दरम्यान २०२२ साली अमेरिकेच्या सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एपस्टाइन-बार या आजच्या, बाहेरून लागण होणाऱ्या विषाणूच्या संसर्गानंतर या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढलेला दिसला. हा विषाणू पेशीतील शांत एचईआरव्ही-डब्ल्यूला चालना देऊ शकतो, त्यामुळे दोन्ही धागे कुठेतरी जुळत असतील. पण अंतर्जात विषाणू हे आजाराचे कारण आहे की दाहाचा परिणाम, हे ठरलेले नाही. एएलएस या चेतापेशींच्या आजाराबाबतही २०१५ साली एचईआरव्ही-केचा असाच दावा झाला, परंतु नंतरच्या काही गटांना तो पुष्ट करता आला नाही.

म्हणून उपचारांबाबतचा कोणताही निर्णय अशा मथळ्यांवरून घेऊ नये आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांशीच बोलावे, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

गवेषक :

कर्करोगाबाबत याच्या उलट दिशेचे काम वाचले आहे, ते येथे नोंदवतो. कर्कपेशींत मिथाइल गटांची व्यवस्था विस्कळीत होते आणि काही अंतर्जात विषाणू पुन्हा कार्यरत होतात. २०१५ साली दोन गटांनी दाखवले, की मिथाइल गट हटवणारी औषधे दिल्यावर या अवशेषांपासून दुहेरी आरएनए तयार होतो आणि पेशी विषाणूची लागण झाल्यासारखी वागू लागते. त्यामुळे प्रतिकारसंस्थेचे लक्ष तिच्याकडे वेधले जाते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांनी २०२३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत या जुन्या विषाणूंच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती गाठीविरुद्धच्या लढ्यात उपयोगी पडतात, असे मांडले. एकच अवशेष एका संदर्भात संशयित आणि दुसऱ्या संदर्भात साहाय्यक ठरतो, हे मूळ लेखातील आग्रहाला धरूनच आहे.

नीलाक्षी :

हे सगळे लक्षावधी वर्षांपूर्वीचे आहे. बीजपेशीत विषाणू शिरण्याची घटना आज कुठे घडताना पाहायला मिळते का?

अन्वय :

मिळते, आणि ती कोआलांमध्ये. कोआला रेट्रोव्हायरस हा ऑस्ट्रेलियातील कोआलांमध्ये एकाच वेळी संसर्गानेही पसरतो आणि वारशानेही जातो. २००६ साली राशेल टारलिंटन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तो त्यांच्या बीजपेशींत सध्या प्रवेश करत आहे. उत्तरेकडे, क्वीन्सलँडमध्ये, तपासलेल्या जवळजवळ सर्व प्राण्यांत तो होता, तर दक्षिणेकडे त्याचे प्रमाण कमी होत गेलेले दिसले. प्रत्येक प्राण्यात प्रतींच्या जागाही बऱ्याच वेगळ्या असतात, आणि ही नुकत्याच झालेल्या प्रवेशाची खूण आहे. त्याची किंमत हे प्राणी आज मोजत आहेत, कारण या विषाणूचा रक्ताच्या कर्करोगाशी व लसिकापेशींच्या गाठींशी घनिष्ठ संबंध आहे. आपल्या पूर्वजांमध्येही प्रत्येक कुटुंबाचा प्रवेश अशाच आजारांच्या आणि मृत्यूंच्या वाटेने झाला असेल. सिन्सिटिनच्या कथेचे कौतुक करताना हा भाग विसरला जातो, याची मला खंत वाटते.

कोआलांमध्ये विषाणूच्या मोडतोडीलाही सुरुवात झालेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की नव्या विषाणूच्या काही प्रतींत कोआलाच्या डीएनएतील एका जुन्या अंतर्जात घटकाचा तुकडा घुसला आहे आणि त्यामुळे त्या प्रती निकामी झाल्या आहेत. उत्परिवर्तनांनी झिजण्याला लक्षावधी वर्षे लागतात. ही वाट त्या मानाने फार वेगवान आहे.

औदुंबर :

आपल्या आधीच्या उत्तरातील युक्तिवाद मला पटला, परंतु त्याला एक पुरवणी जोडतो. उपयोग म्हणजे केवळ शरीराची एखादी रचना घडवणे नव्हे. सप्रेसिन हे विषाणूजन्य प्रथिन माणसाच्या वारेत व सुरुवातीच्या गर्भात तयार होते. सिन्सिटिन-१ पेशीवरील ज्या ग्राहकाला (रिसेप्टर प्रथिनाला) पकडते, त्याच ग्राहकाला सप्रेसिनही जाऊन बसते आणि पेशींचे विलीनीकरण आवरते. फेशॉट यांच्या गटाने २०२२ साली दाखवले, की तोच ग्राहक वापरून पेशीत शिरू पाहणाऱ्या आजच्या रेट्रोव्हायरसांनाही ते रोखते. एकाच अवशेषाच्या चौकशीत दोन कामे उघड झाली, त्यामुळे एक काम सापडले म्हणून चौकशी थांबवू नये, अशी माझी विनंती आहे.

तितिक्षा :

पेशीकेंद्र, आपल्या उत्तराबद्दल आभारी आहे. ते मी घरी वाचून दाखवले. एक छोटा प्रश्न उरतो. माणसांमाणसांत या विषाणूंबाबत फरक असतो का, की सर्वांकडे अगदी सारखेच असतात?

पेशीकेंद्र :

बहुतेक सर्व प्रती सर्वांकडे सारख्याच आहेत, कारण त्या आपण माणूस होण्याच्या फार आधीच्या आहेत. अपवाद एचईआरव्ही-केचा आहे. त्याच्या काही प्रती काही माणसांत आहेत आणि काहींत नाहीत. के११३ आणि के११५ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन प्रतींबाबत हे २००१ सालीच कळले होते. २०१६ साली हजारो व्यक्तींच्या जनुकसंचांची तुलना करताना एक्स गुणसूत्रावर आणखी एक प्रत सापडली. ती मोजक्याच व्यक्तींत होती, आणि तिची गॅग, पोल व एन्व्ह ही तिन्ही जनुके वाचनात अखंड दिसत होती. ती संसर्गक्षम असल्याचे मात्र दाखवले गेलेले नाही. विविध वंशसमूहांतील जितक्या अधिक व्यक्तींचे जनुकसंच वाचले जातील, तितक्या अशा दुर्मीळ प्रती हाती येण्याची शक्यता वाढेल.